बारा माणसे, एक पेनी आणि दर आठवड्याची चौकशी : ब्रिस्टल, १७४२

प्रवचन ऐकून रडत घरी गेलेला माणूस पुढच्या मंगळवारी कसा वागतो, हे प्रवचन करणाऱ्याला सहसा कळत नाही. शिष्य घडवण्याच्या कामातली सगळ्यांत मोठी फट हीच. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशूची आज्ञा शिष्य करण्याची आहे, आणि त्यांना सांगितलेले सारे पाळायला शिकवण्याची आहे. पाळायला शिकवायचे तर पाळले जाते की नाही, हे जवळून पाहणारे कोणीतरी लागते. ते कोणी पाहायचे, कधी पाहायचे आणि कोणत्या अधिकाराने? बहुतेक मंडळ्यांत या प्रश्नांचे उत्तर पाळकाच्या अंगावर टाकलेले असते आणि पाळकाला दिवसाचे चोवीसच तास मिळतात.

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात या प्रश्नाला एक उत्तर सापडले. ते बरेचसे पैशांच्या अडचणीतून सापडले, म्हणून त्याची घडण नीट पाहण्यासारखी आहे.

आधीची परिस्थिती

जॉन वेस्ली हे अँग्लिकन मंडळीचे दीक्षित पाळक. २ एप्रिल १७३९ रोजी त्यांनी ब्रिस्टलमध्ये पहिल्यांदा उघड्यावर प्रवचन केले. त्यांच्या स्वतःच्या अंदाजाने समोर तीनेक हजार लोक होते. ब्रिस्टल हे तेव्हा मोठे बंदर. शेजारच्या किंग्जवुडमध्ये कोळशाच्या खाणी होत्या आणि खाणीत राबणारी माणसे चर्चच्या दारात क्वचितच दिसत. ही माणसे ऐकायला येऊ लागली, बदलू लागली. त्यांना जमायला जागा हवी म्हणून मे १७३९ मध्ये हॉर्सफेअर भागात एका इमारतीचा पाया घातला. तिला ‘न्यू रूम’ म्हणतात आणि ती आजही उभी आहे. इमारत झाली, तसे कर्जही झाले.

या लोकांचे जे मंडळ बनले ते वेगळे चर्च नव्हते. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांसाठी लोकांनी आपापल्या चर्चमध्येच जावे, अशी वेस्लींची अपेक्षा होती. मंडळात यायला एकच अट होती : येणाऱ्या क्रोधापासून पळण्याची आणि पापांतून सुटण्याची इच्छा. विश्वासाची कलमे पाठ आहेत का, असे कोणी विचारत नसे. दार इतके मोकळे ठेवले की आत येणाऱ्यांत कच्चे, पक्के, गोंधळलेले असे सगळेच येतात. मग आत आल्यावर त्यांच्याकडे पाहायला माणसे लागतात.

जवळच्या नात्यातून वाढण्याची एक रीत ब्रिस्टलमध्ये आधीपासून होती. ४ एप्रिल १७३९ रोजीच तीन स्त्रियांनी आठवड्यातून एकदा भेटायचे ठरवले. एकमेकींजवळ दोष कबूल करायचे आणि एकमेकींसाठी प्रार्थना करायची. त्याच संध्याकाळी काही तरुणांनीही तसेच ठरवले. अशा टोळक्याला ‘बँड’ म्हणत. ही कल्पना मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांकडून आली होती. वेस्ली १७३८ च्या उन्हाळ्यात जर्मनीत हर्नहूटला जाऊन त्यांची वस्ती पाहून आले होते. त्या वर्षीच्या नाताळच्या दिवशी बँडचे नियम लिहून काढले गेले. आठवड्यातून निदान एकदा भेटायचे. ठरलेल्या वेळी यायचे आणि वेळ झाली की सुरू करायचे. प्रत्येकाने क्रमाने आपल्या आत्म्याची खरी स्थिती मोकळेपणाने सांगायची. आधी एकाने स्वतःबद्दल बोलायचे आणि मग इतरांना विचारायचे. बँडमध्ये पुरुष वेगळे, स्त्रिया वेगळ्या; लग्न झालेले वेगळे, न झालेले वेगळे. माणसे पाच ते आठ.

बँडमधले प्रश्न धारदार असत. मागच्या भेटीनंतर कोणते पाप जाणूनबुजून केले? कोणत्या मोहाला तोंड दिले? त्यातून सुटका कशी झाली? असे काय मनात आणले, बोलले किंवा केले, जे पाप आहे की नाही याची शंका वाटते? आत घेण्यापूर्वीच विचारले जाई की तुझे दोष तुला सांगितलेले तुला हवे आहेत का, आणि आमच्यापैकी प्रत्येकाने तुझ्याबद्दल मनात येईल ते तुला सांगावे, अशी तुझी इच्छा आहे का.

नव्याने जागा झालेल्या माणसाला हे झेपत नाही. कालपर्यंत गुत्त्यात बसणाऱ्या खाणकामगाराला आज पाच जणांसमोर मनाचे सगळे कप्पे उघड म्हटले, तर तो परत येणार नाही. म्हणून बँड ही मुरलेल्या थोड्या लोकांची जागा राहिली. मंडळातले बाकीचे बहुसंख्य लोक प्रवचन ऐकायचे आणि गर्दीत मिसळून जायचे. मंडळ वाढत होते, आणि कोण कुठे राहतो, काय करतो, कसा जगतो, हे वेस्लींना कळेनासे झाले होते.

१५ फेब्रुवारी १७४२

कर्ज फेडायचे कसे, हे ठरवायला त्या दिवशी ब्रिस्टलमध्ये बरेच लोक जमले. ठरले ते असे. ज्याला जमेल त्या प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. सगळ्या मंडळाचे साधारण बारा-बारा जणांचे गट पाडावेत. प्रत्येक गटातल्या एकाने बाकीच्यांची पेनी गोळा करून दर आठवड्याला कारभाऱ्यांकडे जमा करावी. या गटांना ‘क्लास’ म्हणत. आपण त्यांना वर्ग म्हणू, फक्त शाळेतला वर्ग डोळ्यांसमोर आणू नये.

एक पेनी म्हणजे किती? बारा पेन्सांचा एक शिलिंग. साध्या मजुराला आठवड्याकाठी आठ-दहा शिलिंग मिळत असतील, तर पेनी म्हणजे त्याच्या मजुरीचा शंभरावा भाग, फार तर त्याहून किंचित जास्त. रक्कम लहान खरी, पण ज्याच्या घरात आजारपण आहे, काम बंद आहे, त्याला तीही जड. बैठकीत हा आक्षेप आलाच. त्यावर एकाने सुचवले की सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन. त्यांनी काही दिले तर ठीक, नाही दिले तर त्यांच्या वाट्याचे मी भरीन. हे सुचवणारा फॉय नावाचा एक कप्तान होता, असे मेथडिस्ट, म्हणजे वेस्लींच्या अनुयायांच्या, परंपरेत सांगतात.

पुढचे सगळे या सूचनेत दडलेले होते. वर्गप्रमुखाला पैशांसाठी प्रत्येक घरी जावे लागणार. गरिबातल्या गरिबाच्या घरीही जावे लागणार, कारण त्याची पेनी भरायची असली तरी तो कसा आहे हे पाहिल्याशिवाय कसे भरणार? आणि जाणे दर आठवड्याचे, म्हणजे वेगळे निमित्त काढायची गरज नाही. शिष्य घडवण्यात निमित्त ही मोठी गोष्ट आहे. ‘तुमच्या आत्म्याची विचारपूस करायला आलो’ म्हणत कोणी दारात उभा राहिला तर घरचा माणूस संकोचतो. पेनी घ्यायला आलेल्याला मात्र आत बसवले जाते, घोटभर काही दिले जाते आणि बोलता बोलता घरातली खरी गोष्ट बाहेर येते.

तसेच झाले. काही प्रमुखांनी येऊन सांगितले की अमुक माणूस जसे जगायला हवे तसे जगत नाही. कोणी पिऊन पडलेला आढळला, कोणाच्या घरात भांडण. वेस्लींनी पुढे लिहून ठेवले आहे की हे ऐकताच आपण इतके दिवस शोधत होतो ती हीच गोष्ट, असे त्यांच्या लक्षात आले. २५ मार्च १७४२ रोजी त्यांनी लंडनमध्ये काही समंजस लोकांना बोलावले. आपल्या देखरेखीखाली राहू इच्छिणाऱ्या माणसांना ओळखणे किती कठीण झाले आहे, हे त्यांच्यापुढे मांडले. बरीच चर्चा होऊन ब्रिस्टलसारखेच वर्ग तिथेही पाडायचे ठरले. कर्जासाठी केलेली व्यवस्था सहा आठवड्यांत माणसे सांभाळण्याची व्यवस्था झाली होती.

पहिली पद्धत कुठे अडली

सुरुवातीला प्रमुख घरोघरी जात. थोड्याच काळात यातल्या अडचणी उघड झाल्या. वेस्लींनी त्या नेमक्या नोंदवल्या आहेत, आणि घरभेटी करणारा कोणताही पाळक किंवा बायबलबाई त्या वाचून मान डोलावेल.

अकरा घरे म्हणजे वेळ फार जाई. प्रमुख हे पोटासाठी काम करणारे लोक, त्यांना तेवढी सवड नसे. कित्येक सभासद मालकाच्या घरी राहणारे नोकर, किंवा नातेवाइकांकडे आश्रयाला असलेले. ते घरवाले अशा माणसाला उंबरा ओलांडू देत नसत. जिथे आत घेत तिथे चारचौघांत बसून बोलावे लागे. सासू समोर असताना सून काय बोलणार? मग एक म्हणे असे झाले, दुसरा म्हणे झालेच नाही, आणि दोघांना समोरासमोर आणल्याशिवाय खरे-खोटे होत नसे. शेजाऱ्यांतले, भाऊबंदांतले रुसवेफुगवेही एकेकाला भेटून मिटत नसत, उलट प्रमुख निरोप्या होऊन बसे.

म्हणून ठरले की वर्गातल्या सगळ्यांनी आठवड्यातून एकदा एका जागी जमावे. यात काही लोकांनी कुरकुर केली. हे आधी नव्हते, आता का? वेस्लींचे म्हणणे असे, की ही शास्त्राने घालून दिलेली आज्ञा नाही, शहाणपणाने केलेली सोय आहे. कामी आली तर ठेवायची, सुधारायची गरज पडली तर सुधारायची. हा मोकळेपणा फार महत्त्वाचा. आजही जे गट आपली रीतच बायबलची रीत आहे असे मानतात, त्यांना बदलायची वेळ आली की फुटावे लागते.

घरभेट मात्र संपली नाही. १७४३ मध्ये छापलेल्या सर्वसाधारण नियमांत प्रमुखाचे पहिले काम हेच आहे, की वर्गातल्या प्रत्येकाला आठवड्यातून निदान एकदा पाहायचे. जो सभेला आला त्याला सभेत पाहिले. जो आला नाही त्याच्या घरी जाणे भाग होते.

एक सभा कशी चाले

ठरलेल्या संध्याकाळी, कोणाच्या तरी घरी किंवा न्यू रूमसारख्या जागेत, बारा-पंधरा जण. बँडसारखी वाटणी इथे नव्हती. पुरुष-स्त्रिया एकत्र, म्हातारे-तरुण एकत्र, मालक आणि मजूर एकाच बाकावर. वाटणी मुख्यतः राहण्याच्या जागेवरून, कारण जवळ राहणारेच एकमेकांना आठवडाभर पाहतात. एक गीत, छोटी प्रार्थना. मग प्रमुख आधी स्वतःबद्दल सांगे : हा आठवडा कसा गेला, कुठे घसरलो, कुठे देवाने धरले. त्यानंतर एकेकाकडे वळून तो विचारपूस करी. प्रश्न साधारण एकच असे, तुमच्या आत्म्याचे कसे चालले आहे? उत्तरावरून तो सल्ला देई, दोष दाखवी, धीर देई किंवा पुढे जायला उत्तेजन देई. पेनी गोळा होई, वहीत नोंद होई, प्रार्थना करून सभा संपे.

हिशेब करून पाहिला तर एका तासात गीत, प्रार्थना आणि पैसे यांना पंधरा मिनिटे गेली की बारा जणांना जेमतेम चार-चार मिनिटे उरतात. चार मिनिटांत प्रवचन बसत नाही. विचारणे, ऐकणे आणि एक-दोन वाक्यांत बोलणे एवढेच बसते. वर्गाची ताकद या आखूडपणातच होती. शिकवण्यासाठी प्रवचन होते, प्रभुभोजनासाठी चर्च होते. वर्गात फक्त आठवड्याचा जमाखर्च मांडायचा.

विचारपूस हवेत राहू नये म्हणून नियमांची चौकट होती : कोणाचे वाईट करू नका, जमेल तेवढे सगळ्यांचे भले करा, देवाने दिलेल्या साधनांना, म्हणजे उपासना, वचन, प्रभुभोजन, प्रार्थना, उपवास यांना धरून राहा. पहिल्या नियमाखाली वागण्यातल्या बाबी स्पष्ट लिहिल्या होत्या. पिणे, भांडणे, कोर्टकज्जे, व्याजखोरी, फेडण्याची शक्यता नसताना कर्ज काढणे किंवा माल उचलणे. त्यामुळे ‘कसे चालले आहे?’ याला ‘देवाची कृपा’ एवढ्यावर सुटता येत नसे. प्रमुख विचारू शकत असे, ‘दुकानदाराची उधारी फेडलीत का?’

प्रमुखाचे दुसरे काम आठवड्यातून एकदा पाळकाला आणि कारभाऱ्यांना भेटण्याचे. कोण आजारी आहे, कोण बेशिस्त वागतो आणि सांगूनही ऐकत नाही, हे सांगायचे. जमलेले पैसे भरायचे आणि कोणी किती दिले त्याचा हिशेब दाखवायचा. वहीत हजेरी असे. गैरहजेरी असेल तर कारण एका अक्षरात नोंदत : आजारी, कामधंद्यामुळे, गावाला गेलेला, की निव्वळ हलगर्जीपणा. चार आठवड्यांची ही अक्षरे एका ओळीत पाहिली की कोणाकडे आधी जायला हवे ते लगेच कळते.

कर्ज फिटल्यावर पेनी गरिबांच्या मदतीकडे आणि कामाच्या खर्चाकडे वळली. पैसा नेहमी सभासदांकडून गरजूंकडे जाई. वर्गात आल्याबद्दल कोणाला काही मिळत नसे, उलट खिशातून जायचे. आपल्याकडे ‘काय मिळाले म्हणून गेलास?’ हा प्रश्न ख्रिस्ती माणसाला किती वेळा ऐकावा लागतो, ते आठवले की या दिशेचे मोल कळते.

तिमाही तिकीट आणि न्यूकॅसलची नोंद

दर तीन महिन्यांनी वेस्ली किंवा त्यांचा सहकारी प्रत्येक वर्गाला भेटून एकेकाशी बोले. ज्याचे चालणे ठीक, त्याला नाव लिहिलेले छोटे तिकीट मिळे. ते दाखवल्याशिवाय सभासदांच्या खास सभेत प्रवेश नसे. ज्याला काढायचे त्याच्यावर चारचौघांत आरोप ठेवण्याची गरज पडत नसे. पुढच्या तिमाहीचे तिकीट मिळाले नाही, की तो सभासद राहिला नाही. तिकीट नाकारण्याआधी त्याला समजावलेले असे, काही काळ सांभाळून घेतलेले असे. आणि प्रवचन ऐकायला तो पुन्हा येऊ शकत असे.

मार्च १७४३ मध्ये न्यूकॅसल येथे वेस्लींनी वर्गांची अशी पाहणी केली आणि आपल्या रोजनिशीत आकडे लिहिले. इतकी प्रामाणिक नोंद मंडळीच्या इतिहासात क्वचितच आढळते.

काढलेले लोक ६४. शिव्या-शपथांसाठी २, शब्बाथ मोडण्याच्या सवयीसाठी २, दारूसाठी १७, दारू विकण्यासाठी २, भांडणतंट्यासाठी ३, बायकोला मारण्यासाठी १, जाणूनबुजून खोटे बोलण्यासाठी ३, निंदानालस्तीसाठी ४, आळशीपणासाठी १, आणि उथळपणा व बेफिकिरीसाठी २९. म्हणजे जवळजवळ अर्धे लोक कोणत्या मोठ्या पापासाठी गेले नाहीत. त्यांनी मनावरच घेतले नव्हते. बायकोला मारणारा एकच, यावर मात्र आमचा विश्वास बसत नाही. पुरुष-स्त्रिया एकत्र असलेल्या वर्गात नवरा शेजारी बसला असताना ही गोष्ट बाहेर येत नसणार. यासाठीच स्त्रियांचा वेगळा बँड लागतो.

आपण होऊन सोडून गेलेले ७६. त्यांची कारणे जास्त शिकवणारी आहेत. चौदा जण गेले, कारण त्यांचे आधीचे पाळक त्यांना प्रभुभोजन देईनात. नऊ जणांना नवऱ्याने किंवा बायकोने अडवले, बारा जणांना आईबापांनी, पाच जणांना मालक-मालकिणीने. सात जणांचे मन ओळखीच्यांनी वळवले. पाच जण लोक मंडळाबद्दल वाईट बोलतात म्हणून गेले, नऊ जण हसे होऊ नये म्हणून. तिघांना गरिबांसाठी मिळणारा भत्ता गमवायचा नव्हता. तिघांना वेळ नव्हता, दोघांना जागा लांब पडे. दोघे गेले ते अमुक एक माणूस मंडळात आहे म्हणून. उरलेली पाच कारणे एकेकट्याची : फिट येईल ही भीती, रस्त्यावर लोक त्रास देतात, आपल्या बाप्तिस्म्याकडे पाठ फिरवायची नाही, तुम्ही नुसते अँग्लिकन आहात, देवाची सेवा करायला अजून पुष्कळ वेळ आहे, अशी.

बेरीज करून पाहा. पाळक, जोडीदार, आईबाप, मालक, ओळखीचे : ४७ जण कोणत्या ना कोणत्या नात्याच्या ओढीने गेले. लोकलाजेपायी आणखी १४. शिकवण पटली नाही म्हणून गेलेले मोजायला एका हाताची बोटे पुरतात. माणूस विश्वासापासून दूर जातो तो बहुतेक वेळा वाद हरून नव्हे. त्याच्या आयुष्यातली जवळची माणसे त्याला ओढतात आणि त्या ओढीला तोंड देईल इतके जवळचे नाते मंडळीत त्याला मिळालेले नसते. तर्काचे उत्तर प्रवचनातून देता येते. सासरच्या रागाला तोंड द्यायला दर आठवड्याला येणारी बहीण लागते.

याची उलटी बाजू वेस्लींनी वीस वर्षांनी वेल्समधल्या पेम्ब्रोकशरमध्ये पाहिली. तिथे वीस वर्षे भरपूर प्रवचने झाली होती, पण मंडळे बांधली नव्हती, शिस्त नव्हती, एकमेकांशी जोड नव्हती. २५ ऑगस्ट १७६३ च्या नोंदीत ते लिहितात की एके काळी जागे झालेल्या दहांतले नऊ जण आता पूर्वीपेक्षा गाढ झोपले आहेत. प्रेषितासारखे प्रवचन करावे आणि जागे झालेल्यांना एकत्र बांधून वाढवू नये, हे घातक्यासाठी लेकरे जन्माला घालण्यासारखे आहे, इतके कठोर शब्द त्यांनी वापरले.

कुठे बिघडते

संख्या वाढली की पहिला बळी जातो तो विचारपुशीचा. फेब्रुवारी १७६१ मध्ये डर्बीत सारा क्रॉसबी वर्ग घ्यायला गेल्या. तीसेक लोक येतील असे वाटले होते, आले जवळजवळ दोनशे. एकेकाशी बोलणे शक्यच नव्हते. त्यांनी गीत घेतले, प्रार्थना केली आणि प्रभूने आपल्यासाठी काय केले ते सांगून सर्वांना पापापासून दूर पळायला विनवले. वेस्लींनी त्यांना पत्राने कळवले की तुम्ही मर्यादा ओलांडली असे मला वाटत नाही. स्त्रियांनी प्रवचन करण्याच्या इतिहासात ती संध्याकाळ मोलाची आहे. पण वर्ग म्हणून पाहिले तर त्या रात्री वर्ग झाला नाही, सभा झाली. बारांचे वीस झाले की हेच हळूहळू घडते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरा बिघाड प्रमुखात. त्याला बोलायला आवडू लागते. चार मिनिटांच्या जागी तो वीस मिनिटे वचन समजावतो आणि शेवटच्या पाच जणांना ‘तुमचे ठीक ना?’ एवढेच विचारतो. वेस्लींच्या परिषदांत यावर उपाय लिहिलेले आहेत. अयोग्य प्रमुख बदला. प्रमुखांनी एकमेकांचे वर्ग घ्यावेत. कोणाचा वर्ग फळ देतो ते पाहा आणि त्यांना इतर वर्गांतही वारंवार पाठवा. अदलाबदलीचा उपाय आम्हाला सर्वांत परिणामकारक वाटतो, कारण नवा माणूस विचारतो तेव्हा ठरावीक उत्तर चालत नाही. तिसरा बिघाड या ठरावीक उत्तरांचाच. सहा महिन्यांत माणूस साक्ष पाठ करतो. त्यावर इलाज एकच, मागच्या आठवड्याचा धागा धरायचा : ‘भावाशी बोलायचे म्हणाला होतात, बोललात?’

सगळ्यांत घातक बिघाड सत्तेचा आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल येथून ‘शेफर्डिंग’ नावाची चळवळ पसरली. तिच्यातही प्रत्येक विश्वासणारा एका मेंढपाळाशी जोडलेला असे. पण अनेक ठिकाणी लग्न, नोकरी, घर बदलणे, पैसा यांतही मेंढपाळाची परवानगी लागू लागली आणि कित्येकांची आयुष्ये जखमी झाली. चळवळीच्या पुढाऱ्यांपैकी एकाने पुढे जाहीर माफीही मागितली. ब्रिस्टलच्या वर्गात जवळीक कमी नव्हती, पण प्रमुखाच्या हातात फार थोडे होते. तो विचारू शके, सल्ला देऊ शके. कोणाला काढणे त्याच्या हाती नव्हते. दर आठवड्याला तो स्वतः हिशेब द्यायला बसे. तिमाहीत कोणीतरी बाहेरचा येऊन त्याच्या माणसांशी थेट बोले. सल्ला बारा जणांसमोर दिला जाई, बंद खोलीत नव्हे. शिवाय सभेत आधी त्याला स्वतःचे दोष सांगावे लागत. जिथे शिष्य घडवणारा कोणालाच जबाब देत नाही, तिथे शिष्याने सावध व्हावे.

शेवटचा बिघाड सावकाश झाला. वेस्ली १७९१ मध्ये वारले तेव्हा ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या मंडळांत मिळून सुमारे ७२,००० सभासद होते. पुढे घोड्यावरून फिरणारे उपदेशक एका जागी स्थिरावले, पगारी पाळक आले आणि माणसांची विचारपूस हे त्यांचे काम ठरले. वर्ग ही हजेरी लावण्याची जागा झाली. अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या मेथडिस्ट मंडळीने १८६६ मध्ये सभासदत्वासाठी वर्गाची अट काढून टाकली. अट आधी निर्जीव झाली होती, कागदावरून नंतर गेली.

मुंबईत आणि आपल्या वस्त्यांत

ही रीत मुंबईत आणली अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर यांनी. १८७१ च्या अखेरीस ते शहरात आले आणि इंग्रजी समजणाऱ्या लोकांत काम करू लागले. नव्या विश्वासणाऱ्यांना त्यांनी लगेच घराघरांतल्या ‘फेलोशिप बँड’मध्ये बांधले. १८४८ पासून मुंबईत साधेपणाने राहणारे मिशनरी जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. मुंबईतली मेथडिस्ट मंडळी या घरगुती गटांतून उभी राहिली. गट आधी होते, चर्चच्या इमारती मागून आल्या.

आजच्या मराठी मंडळीत हे करायचे तर वेस्लींच्या अडचणींची यादी पुढ्यात ठेवावी, कारण ती आपलीच आहे. दोन खोल्यांच्या घरात एकांत मिळत नाही, म्हणून स्त्रियांचा गट दुपारी वेगळा आणि चालवणारी स्त्रीच. कारखान्यात पाळी बदलते, म्हणून वार ठरवताना आधी पाळ्या विचाराव्यात. एका गटात आठ ते बारा, त्यापुढे नाही. तेरावा आला की गटातल्याच एकाला तयार करून सहा-सात जण त्याच्याकडे द्यावेत. गट नात्यागोत्यावरून किंवा जातीच्या जुन्या वाड्यावरून पाडू नये. चालत दहा मिनिटांवर राहणारे एकत्र आणावेत, मग त्यात कोण बसेल ते बसेल. माणशी दहा रुपये आजाऱ्यांसाठी गोळा करावेत, आणि ज्याला जमत नाही त्याचे प्रमुखाने गाजावाजा न करता भरावेत. सभेत सांगितलेले व्हॉट्सअॅपवर जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. प्रार्थनेची विनंती म्हणून पाठवलेला एक संदेश वर्षाचा विश्वास घालवतो. कोणाच्या जिवाला धोका असेल, मारहाण होत असेल, लेकराला इजा होत असेल, तर मात्र गुप्तता नाही, हेही त्याच दिवशी सांगावे.

आणि कोणी आले नाही, तर त्याच आठवड्यात घरी जावे. फोनवर ‘बरे आहे’ म्हणणे सोपे असते. दुसऱ्या गैरहजेरीपर्यंत थांबले की त्या माणसाला न येण्याचे कारण सापडलेले असते, आणि न्यूकॅसलच्या यादीवरून दिसते की ती कारणे बहुधा त्याच्या घरातच बसलेली असतात. तिथे जाऊन त्या घरच्यांनाही भेटावे. सासू रागावली असेल तर तिच्याशीही बोलावे, तिच्या हातचा चहा घ्यावा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे.